आधी ताट, मग सुई

सिस्टर मार्था लोपीस, वसईच्या. हे नाव सगळ्यात आधी लिहून ठेवतो. पुढे जे सांगायचं आहे ते इतकं ओंगळ आहे की त्याच्या खाली हे नाव दबून जायचं. मी आज बहारीनमध्ये उजळ माथ्याने फिरतो, माझा व्हिसा शाबूत आहे, गावी आईला आणि बायकोला माझं पत्र वेळेवर जातं, हे सगळं त्या बाईमुळे. पण त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं तर एका म्हाताऱ्याबद्दल सांगावं लागतं, आणि त्या म्हाताऱ्याची आठवण आली की अजून माझं जेवण घशाशी येतं.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, शिक्षण सातवी नापास. गिरगावातल्या एका नर्सिंग होममध्ये सहा वर्षं वॉर्डबॉयचं काम केलं होतं, तेवढ्या भांडवलावर एजंटने मला मनामाच्या एका खासगी क्लिनिकमध्ये चिकटवलं. तिथे पहिल्या दिवशी एक ठेंगणी, सावळी, पंचेचाळिशीची बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. नाव नाही, गाव नाही. म्हणाली, "नखं दाखव."

मी शाळेतल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले.

"शिक्षण?"

"सातवी. नापास."

"वाचता येतं?"

"मराठी येतं. इंग्रजी आकडे येतात. छापील अक्षरं लावून लावून वाचतो."

"पुरे झालं. पेशंटला निबंध लागत नाही. आणि मला सिस्टर म्हण. मॅडम म्हणालास तर ऐकू येणार नाही."

मी सिस्टरच म्हणत असे. पुढे कधीतरी वसईच्या रीतीने मार्थाबाय म्हणायला लागलो, तेही त्यांनी चालवून घेतलं. त्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट असत. रोज सकाळी ओल्या खडूने ते पांढरे करून वाळत ठेवायच्या. कुणी त्यावर पाय दिला तर सिव्हिल सर्जन असला तरी गय नाही. स्वभावाने गोड वगैरे मुळीच नव्हत्या. साबणाची वडी कपाटात कुलूप लावून ठेवणारी बाई. पण काम करताना त्यांचे हात पाहावेत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या एकाही पेशंटच्या पाठीला पडून पडून फोड आलेला नव्हता, आणि याचा त्यांना बायकांना दागिन्याचा असतो तसा गर्व होता.

त्यांची एक सवय मात्र क्लिनिकमध्ये सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती. डायबिटीसच्या पेशंटला इन्सुलिन द्यायचं असलं की त्या आधी त्याचं ताट बघायच्या. म्हाताऱ्या, अन्नावर वासना नसलेल्या पेशंटचं तर हटकून. नुसतं "जेवले" म्हणून चालायचं नाही. बशी वाकडी करून, भाकरीचा तुकडा उशीखाली सारलाय का ते बघून मगच सिरिंज भरायच्या. डॉक्टर हसायचे. त्या म्हणायच्या, "हसा. पोटात काही नाही आणि सुई टोचली तर माणूस गार पडतो. मी पाहिलाय. आधी ताट, मग सुई."

क्लिनिकमध्ये मला तीन महिने झाले असतील. एके दिवशी आम्हा दोघांना सांगण्यात आलं की बुदैयाच्या रस्त्यावर एका बागेतल्या व्हिलात एक मोठा पेशंट आलाय, तुम्ही दोघांनी तिथेच राहून ड्यूटी करायची. कोण पेशंट ते सांगितलं नाही. गाडी खजुरीच्या बागांमधून आत गेली. दारात हिरव्या गणवेशातला एक उंच माणूस उभा होता. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे आमचे पासपोर्ट मागितले. "सुरक्षेसाठी," म्हणाला. त्याला सगळे कर्नल म्हणायचे. पासपोर्ट त्याने आमच्यासमोर ड्रॉवरमध्ये टाकले आणि किल्ली खिशात घातली. मार्थाबायंनी कपाळाला आठ्या घातल्या. माझी नजर मात्र तेव्हापासून, तिथून निघेपर्यंत, त्या ड्रॉवरकडेच जायची.

आत पलंगावर जनरल होता.

त्याच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्या देशातल्या साध्या माणसांनी आधीच पुष्कळ सोसलंय. आठ-नऊ वर्षं त्याने तिथे एकट्याच्या हुकमाने राज्य केलं, मग शेजारच्या देशावर सैन्य घातलं. पंधरा दिवसांत जिंकतो म्हणाला होता. लढाई चार वर्षं चालली. शेवटी शेवटी मिसरूड न फुटलेली पोरं ट्रकात भरून पाठवली. हरल्यावर विमानात बसून पळाला तो देशोदेशी फिरत इथे येऊन पडला. हे सगळं मला मार्थाबायंनी रेडिओ ऐकून सांगितलं, आणि उरलेलं खुद्द जनरलने, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मोठ्या हौसेने.

डायबिटीसने त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. कापायला तो तयार नव्हता. जनरलचा पाय कापत नाहीत म्हणे. खोलीत ऊद जाळलेला असे, अत्तर शिंपडलेलं असे, आणि त्या सगळ्याच्या खालून तो वास यायचाच. मेलेल्या घुशीवर गुलाबपाणी ओतावं तसा. अंगावर सोन्याच्या बटणांचा कोट, छातीवर पदकांची रांग, आणि कमरेखाली रबरी चादर आणि आम्ही जुन्या चादरी फाडून केलेले लंगोट. तो कोट तो काढू द्यायचा नाही. मार्थाबाय त्याला माझ्याजवळ 'नवरदेव' म्हणायच्या. "चल शांताराम, नवरदेवाला कुशीवर करू."

समोरच्या भिंतीवर लढाईचा भलामोठा नकाशा होता. लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी रोज सकाळी कर्नल एक कागद वाचून दाखवायचा आणि नकाशातल्या लाल टाचण्या बोटभर पुढे सरकवायचा. जनरल मान हलवायचा, हुकूम सोडायचा. कागद कोरा असायचा. मी मागे उभं राहून पाहिलाय. एकदा मी मार्थाबायंना विचारलं, "हे नाटक कशाला?"

"जनरल आहे तोवर कर्नलला गाडी आहे, बंगला आहे, शिपायाचा सलाम आहे. जनरल खलास, की कर्नल पण खलास. त्याला आपल्यासारखी नोकरी कोण देणार? त्याला पाठ पुसता येत नाही."

आमच्या कामात एक गोष्ट होती लघवीतली साखर बघायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, आणि विटकरी झालं म्हणजे फार साखर. आम्ही येण्याआधी जो कुणी नर्स होता त्याने चार्टवर रोज 'निळा' लिहून ठेवलं होतं. जनरलला हा खेळ आवडायचा. पहिल्याच सकाळी त्याने विचारलं, "रंग?"

कर्नल मागून मार्थाबायंना डोळ्यांनी खुणावत होता.

मार्थाबायंनी नळी नवरदेवाच्या नाकासमोर धरली. "वीट, सर. विटेचा रंग."

जनरलने पलंगाशेजारची पितळी घंटी उचलून त्यांच्यावर फेकली. ती त्यांच्या बुटावर पडली. त्यांनी वाकून बुटाला काय झालं ते आधी पाहिलं, मग घंटी उचलून जागेवर ठेवली आणि चार्टवर लिहिलं: विटकरी. बाहेर आल्यावर कर्नल दातओठ खात म्हणाला, "तुम्हाला खूण केली होती ना?"

"माझ्या सहीवर मला जे दिसतं तेच जातं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला निळा हवा असेल तर तुम्ही सही करा."

त्याने सही केली नाही. चार्ट मार्थाबायंच्या हातातच राहिला आणि दिवस चालू लागले. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ स्पिरिटने पुसायची, पावडर लावायची, पायाचं ड्रेसिंग करायचं. मी धरायचो, त्या करायच्या. ड्रेसिंग उघडलं की मी तोंडाने श्वास घ्यायचो. त्या नाकानेच घ्यायच्या. म्हणायच्या, "वासावरून कळतं आज किती पुढे गेलंय. नाक बंद करून कसं कळणार?"

एकदा पाठ पुसताना जनरल खुशीत आला आणि पुलाची गोष्ट सांगू लागला. शेवटच्या दिवसांत शत्रू नदीवर पोचला होता. पूल उडवायचा हुकूम त्याने दिला, तेव्हा त्याचीच माणसं पलीकडच्या काठावर होती, पुलाकडे धावत येत होती. अधिकारी फोनवर म्हणाला, साहेब, दहा मिनिटं थांबू. जनरल म्हणाला, दहा मिनिटांनी तुलाही पलीकडे पाठवतो. हे सांगून तो हसायला लागला. हसता हसता ठसका लागला आणि मी पुढे केलेल्या भांड्यात न थुंकता माझ्या मनगटावर थुंकला. माझ्याकडे बघूनच.

मी बाहेर जाऊन खजुरीच्या बुंध्याशी भडाभडा ओकलो. थोड्या वेळाने मार्थाबाय आल्या. हातात पाण्याचा तांब्या.

"झालं? तोंड धू."

"बाय, मला नाही होत. किळस येते."

"येऊ दे की. मला येत नाही असं वाटलं? पोटातून येते. पण हात थांबला नाही पाहिजे."

"अशा माणसाची सेवा करायची?"

"सेवा कोण करतंय? सेवा नन करतात. मी ड्यूटी करते." मग तांब्या परत घेताना म्हणाल्या, "बावीस वर्षांत माझ्या पेशंटच्या पाठीला फोड नाही. ह्या मेल्यासाठी मी माझं नाव कशाला घालवू?"

त्यांच्या भावाने वसईहून सुकेळी पाठवली होती, केळ्याच्या पानात बांधलेली सुकवलेली केळी. त्यातलं एक अर्धं मोडून माझ्या हातावर ठेवलं. "खा. पोट रिकामं ठेवू नको. आणि आई-बायकोला पत्रात हे काही लिहू नको."

आता तो शुक्रवार.

शुक्रवारी सकाळी मार्थाबाय मनामाच्या चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला जायच्या. तेवढे दोन तास ताट बघून चार्टवर लिहायचं काम माझ्याकडे असे. पूर्ण, अर्धं, काही नाही, एवढे तीन इंग्रजी शब्द त्यांनी मला घोटून घेतले होते. त्या दिवशी जनरलच्या देशातून तीन माणसं येणार होती. जुने पाठीराखे. म्हाताऱ्यात अजून काही जीव उरलाय का, त्याच्यामागे उभं राहायचं की नाही, हे ठरवायला. कर्नल पहाटेपासून फिरत होता. नवरदेवाची दाढी झाली, पदकं घासली, त्याला खुर्चीत बसवलं, पायावर शाल घातली.

मलबारी स्वयंपाक्याने अंडी, दलिया, खुबूस रोटी, दूध असा नाश्ता पाठवला. जनरलने चमचा तोंडाला लावला आणि थुंकून दिला. मी पुन्हा भरवलं, पुन्हा थुंकला. चार दिवस त्याचं खाणं कमी होतच होतं, पण त्या दिवशी पोटात कणभर गेलं नाही. मी चार्ट घेऊन 'काही नाही' लिहायला बसलो, तोच कर्नलने माझ्या हातावर हात ठेवला.

"आज असं लिहायचं नाही. ते लोक चार्ट मागतील. जनरल पूर्ण नाश्ता करतात."

"सर, सिस्टर..."

"तुझा पासपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. विसरलास?"

त्याने ताट उचललं, मोरीत रिकामं केलं आणि चकचकीत बशी माझ्यासमोर आणून ठेवली. मी इंग्रजीत लिहिलं: फुल, म्हणजे पूर्ण. चार अक्षरं, अंगठ्याएवढी मोठी, वाकडीतिकडी. सुई मला आठवली नाही असं म्हणालो तर तेही खोटं होईल. आठवली. पण पासपोर्ट जास्त आठवला. वाटलं, एका ताटाने काय होतंय.

मार्थाबाय घाईघाईने आल्या. गाडीला उशीर झाला होता आणि पाहुण्यांची मोटार फाटकाशी लागली होती. त्यांनी हात धुतले, चार्ट पाहिला. मग स्वयंपाकघराच्या दिशेने बघितलं. बशी धुवायला गेलेली होती.

"पूर्ण खाल्लं?"

मी मान हलवली.

"माझ्याकडे बघून सांग."

मी त्यांच्याकडे बघून सांगितलं. "पूर्ण, बाय."

त्यांनी सिरिंज भरली.

पाहुणे बसले. कॉफी आली. जनरल सुरुवातीला बरा बोलत होता. कर्नल नकाशापुढे उभा राहून टाचण्या दाखवत होता. तासाभराने म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. शब्द अडखळायला लागले. मग तो एकदम ओरडायला लागला, पूल उडवा, पूल उडवा, आणि समोर बसलेल्या पाहुण्यालाच त्या अधिकाऱ्याच्या नावाने शिव्या घालू लागला. लाळ पदकांवर गळत होती. शालीखालून लघवी खुर्चीवरून गालिच्यावर उतरली. तो सोन्याच्या बटणांचा माणूस मान टाकून एका बाजूला कलंडला आणि त्याचा काळा पाय शालीतून बाहेर आला. पाहुण्यांपैकी एकाने नाकाला रुमाल लावला. मला दया आली नाही. जे खरं ते लिहितो.

मार्थाबाय धावल्या. हात लावल्याबरोबर त्यांना कळलं. "शांताराम, खजुराचा पाक! पळ!" मी किचनमधून बरणी आणली. त्यांनी बोट भरून त्याच्या गालाच्या आत चोळलं, तोवर दुसऱ्या हाताने दंडाला रबर बांधून शीर शोधली आणि ग्लुकोज सोडलं. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण सुई हलली नाही. काही मिनिटांत म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलला तो: "विष."

कर्नलने तो शब्द झेलला. पाहुण्यांसमोर त्याला काहीतरी हवंच होतं. त्याने माझी कॉलर धरली. "याने! नाश्ता याने दिला! पोलिसांना बोलवा!" त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ज्याने ताट मोरीत ओतलं तोच माणूस डोळ्यात पाणी आणून थरथरत होता, आणि ते पाणी खरं दिसत होतं.

परक्या मुलुखात, भाषा येत नाही, पासपोर्ट त्याच्याकडे, आणि मरायला टेकलेल्या जनरलवर विषप्रयोगाचा आळ. मी पुन्हा घर बघणार नव्हतो.

मार्थाबायंनी माझ्याकडे न बघता, म्हाताऱ्याची नाडी धरलेलीच ठेवून, मराठीत हळूच विचारलं, "ताट कुणी खाल्लं?"

"कुणीच नाही, बाय. ह्याने मोरीत ओतलं. मला लिहायला लावलं."

क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "आता तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

त्या उठल्या, चार्ट घेतला आणि तिघांतल्या सगळ्यात वयस्क पाहुण्यापुढे उभ्या राहून सावकाश इंग्रजीत बोलल्या, मलाही समजेल असं. "विष नाही. इन्सुलिन आहे. पोट रिकामं होतं आणि इन्सुलिन मी दिलं. ताट स्वतः न बघता दिलं. चूक माझी आहे. या माणसाला सोडा." आणि तेच शब्द त्यांनी चार्टवर लिहिले, वेळ घातली, सही केली.

त्या म्हाताऱ्या पाहुण्याने चार्ट वाचला, वरची माझी चार वाकडी अक्षरं पाहिली, कर्नलकडे पाहिलं. त्याला सगळं उमगलं असावं. त्याने चार्ट मार्थाबायंच्या हातात परत दिला. कर्नलची मूठ माझ्या कॉलरवरून सुटली. पाहुणे कॉफी अर्धी टाकून निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे हात जोडले. "बाय, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

त्या भडकल्या. "मी? खोटं? मी ताट बघितलं होतं का? नव्हतं. सुई मी दिली का? दिली. चार्टवर एक अक्षर खोटं नाही माझं. खोटं तू लिहिलंस."

"कर्नलचं नाव का नाही सांगितलं?"

"त्याने नाही म्हटलं असतं, मग कुणाचं खरं धरलं असतं? तुझं? तू सातवी नापास, तो कर्नल. तोवर तू पोलिसांच्या गाडीत."

क्लिनिकला चिठ्ठी गेली. निष्काळजीपणा, पेशंटच्या जिवाला धोका. बावीस वर्षांत पहिली रेघ. चार दिवसांनी त्यांचा व्हिसा रद्द करून पासपोर्ट आणि मुंबईचं तिकीट हातात दिलं. गल्फमधल्या कुठल्याही हॉस्पिटलात त्यांना पुन्हा घेणार नाहीत, हे मलासुद्धा कळत होतं.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पेशंटचा चार्ज दिला. एक नर्स दुसऱ्या नर्सकडे देते तसा, पलंगापाशी उभं राहून. मी नर्स नव्हतो, पण रीत त्यांनी मोडली नाही. जनरलला कुशीवर केलं, कोट वर सारला. "पाठ बघ. फोड नाही, लाली नाही. टाचा बघ. डावी ठीक. उजवी तुला माहीत आहे. लिही आणि खाली सही कर." मी सही केली. जनरल कुरकुरत होता, काय चाललंय म्हणून. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

फाटकापाशी मी रडायला लागलो. त्या म्हणाल्या, "हे बघ शांताराम. मी तुला माफ केलं असं समजू नको. मी डोळ्यात बघून विचारलं, आणि तू डोळ्यात बघून खोटं बोललास. ते मला लागलं. तुला वाचवलं कारण तुरुंगात तू आठ दिवस टिकला नसतास. माफीचं मग बघू." आणि पिशवीतून साबणाची एक कोरी वडी काढून माझ्या हातात दिली. "हात धुवत जा."

जनरल त्यानंतर तीन आठवडे जगला. त्या तीन आठवड्यांचं सगळं लिहीत नाही. पाहुणे गेल्यावर देशातून कुणी विचारीना, फोन वाजेना. कर्नलने नकाशावरच्या टाचण्या शत्रूच्या राजधानीत नेऊन टोचल्या होत्या, तरी म्हाताऱ्याला पुढे हवं होतं. नवीन नर्स आला तो निळा लिहिणारा होता. जनरल मला खालच्या आवाजात विचारायचा, "ती बाई कुठे आहे? तिला बोलव. ती खरं सांगते." मला त्याचा गळा दाबावासा वाटायचा. आयुष्यभर खरं बोलणाऱ्यांची तोंडं बंद केली, आणि आता खऱ्याची तहान लागली!

एका दुपारी, बाहेर ऊन आणि दमट हवेने जीव नकोसा झालेला, तो मेला. मरताना काही बोलला नाही. तोंड उघडं राहिलं, एवढंच. कर्नलने मृत्यू चार्टवर लिहू दिला नाही. एसी लावून खोली पुरती गार केली आणि मला म्हणाला, पूर्ण गणवेश घाल, फोटो काढायचा आहे. सुजलेल्या पायात बूट जाईना. त्याने चाकू आणून बूट मागून टाचेपर्यंत उभा फाडला आणि पुढून चढवला. समोरून बघणाऱ्याला तो बूट अखंड दिसत होता. जनरलला उशा लावून बसवला, हातात कागद दिला, आणि फोटो काढला, आज सकाळचा म्हणून. फोटो काढताना माशी त्याच्या ओठावर बसली. कर्नल म्हणाला, "हाकल ना!" मी हाकलली. दुसऱ्या दिवशी कुठलीशी गाडी येऊन त्याला घेऊन गेली. कुठे पुरलं मला माहीत नाही. माझा पासपोर्ट टेबलावर सापडला आणि कर्नल पुन्हा दिसला नाही.

पण मला सगळ्यात जास्त किळस कशाची येते, तर जनरलच्या पायाची नाही. मी क्लिनिकमध्ये परत हजर झालो तेव्हा मॅनेजरने फाइल उघडून विचारलं, "ती सिस्टर बेफिकीर होती, नाही? तू तिथेच होतास." त्याने फक्त मान वर करून पाहिलं. ना कर्नल होता, ना ड्रॉवर होता. पासपोर्ट माझ्या खिशात होता. आणि मी म्हणालो, "हो सर." त्याने ते लिहून घेतलं आणि मला सही करायला लावली. मी केली. मोठ्या माणसाला हवं ते लिहून द्यायची जी सवय त्या व्हिलात घर करून होती, ती माझ्याही अंगात मुरली होती. त्या दिवशी मला कुणी धमकावलं नव्हतं.

त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. सौदीकडे जायला समुद्रावरून पूल झाला, बुदैयाच्या रस्त्यावर बागा तोडून बंगले उभे राहिले. मी हिद्दला एका दवाखान्यात आहे. पेशंटच्या पाठीला फोड येऊ देत नाही. वसईकडचे कुणी भेटले की विचारतो. मार्थाबाय गावी आहेत, एका मिशनच्या दवाखान्यात अर्धा दिवस जातात असं कळलं. तिथेही त्यांना इन्सुलिन हाताळू देत नाहीत, कारण बहारीनहून आलेला तो कागद त्यांच्याआधी तिथे पोचला होता. हे ऐकल्यापासून मला झोप नीट लागत नाही.

मार्थाबाय, मी पत्र लिहायला घेतलंय. इंग्रजीत, इथल्या एका पुण्याच्या अकाउंटंटकडून शब्द तपासून घेऊन, पण अक्षर माझंच. ताट रिकामं कुणी केलं, 'पूर्ण' कुणी लिहिलं, तुम्ही विचारल्यावर खोटं कोण बोललं, आणि नंतर मॅनेजरसमोर पुन्हा कोण बोललं, हे सगळं त्यात आहे. ते आधी त्या क्लिनिकमध्ये देणार आहे. माझी नोकरी जाईल, कदाचित व्हिसाही जाईल. भीती वाटतेच, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पण त्यांच्या शिक्क्याची पोच घेऊन मी वसईला येईन आणि तो कागद आधी तुमच्या मिशनच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवीन. तुमच्या नावापुढची ती रेघ माझी आहे. ती मी माझ्या नावावर घेणार. माफीचं तुम्ही मग बघा.